मागच्या भिंतीशी उभी मी

चौऱ्याऐंशीच्या सुमारास घाटकोपरच्या आमच्या चाळीत नळाला थेंबभर पाणी येत नव्हतं. अर्ज घेऊन मी आमदारांकडे गेले. पूर्वी ते शाळेत शिकवायचे, म्हणून अजून सगळे त्यांना सरच म्हणत. पुढच्या खुर्च्यांवर कंत्राटदार बसलेले, मी मागे भिंतीशी उभी. सरांनी धोतराच्या सोग्याने चष्मा पुसला आणि थेट मला विचारलं, "बोला ताई."

"आधी आम्ही आलोय ना, सर!" एक कंत्राटदार कुरकुरला.

"पुढच्या बाकावरचे न विचारताही बोलतात," सर म्हणाले.

महिन्याभरात पाणी आलं. पेढे घेऊन गेले, तर सगळे कंत्राटदार मागे भिंतीशी दाटीवाटीने उभे! सरांनी सावकाश चष्मा पुसला, आणि पहिल्या रांगेत एकट्याच बसलेल्या म्हातारीला म्हणाले, "बोला आजी."