नमनाची दोन मिनिटं

तेरझियानबाईंचं ऑफिस म्हणजे त्यांच्या जुन्या करड्या गाडीची डिकी. हंगामी मास्तरांना खोली द्यायची कॉलेजांची पद्धत नाही. बाई तर तीन कॉलेजांत शिकवायच्या. सोमवारी फ्रेस्नो शहरात, मंगळवारी डोंगराकडे, आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी अलमोंटेला. डिकीत निबंधांचे गठ्ठे, हिरवी पेनं, एक घडीची खुर्ची आणि सुक्या जर्दाळूंचा डबा. 'शंका असतील तर ऑफिसात येऊन भेटा,' असं त्या पूर्वी सांगायच्या तेव्हा कुणी फिरकत नसे. ऑफिसात बोलावणं म्हणजे काहीतरी गुन्हा झालाय, अशीच सगळ्यांची घरची शिकवण. डिकी उघडून जर्दाळू पुढे केल्यापासून मात्र रांग लागू लागली. जर्दाळूला जे साधतं ते पदवीला साधत नाही, हे बाईंनी तेव्हाच ओळखलं.

विषय होता लेखन आणि वक्तृत्व. सोप्या भाषेत सांगायचं, तर आपलं म्हणणं दुसऱ्याच्या गळी उतरवण्याची विद्या. ही विद्या बाई घरीच शिकल्या होत्या. आजोबांचे मनुक्यांचे मळे, घर अर्मेनियन, आणि जेवणाच्या टेबलावर चौदा माणसं एकाच वेळी बोलणारी. तिथे पहिलं वाक्य नेमकं बसलं तर ठीक, नाहीतर तुमचं बोलणं भातासोबत कुणीतरी गिळून टाकलेलं असायचं. म्हणून वर्गात त्यांचा एकच मंत्र: "वाचणारा गाडीची किल्ली हातात घेऊन दारात उभा आहे असं समजा. काय हवंय ते आधी सांगा. बाकीचं मग." पोरं त्यांची नक्कल करायची, आणि नकळत त्यांच्यासारखं लिहायलाही लागायची.

एक न्हिया मुआ सोडून.

मुआ पन्नाशी उलटलेले, ह्मोंग समाजाचे. लढाईतून पळून, थायलंडच्या निर्वासित छावणीतून बायकामुलांना घेऊन इकडे आले तेव्हाच तिशी ओलांडलेली. दिवसा कोंबड्यांच्या कारखान्यात काम, आणि शनिवार-रविवारी समाजातली लग्नं जमवायची. म्हणजे नुसती ओळख करून देणं नव्हे. मुलाकडून मुलीच्या घरी जाऊन, टेबलाशी बसून, दिवसदिवसभर बोलून दोन कुळांना एका जागी आणणं. या कामात त्यांचं नाव सॅक्रॅमेंटोपर्यंत होतं. वर्गात मात्र त्यांचा निबंध म्हणजे नमनालाच घडाभर तेल. आधी वाचणाऱ्याची विचारपूस, मग त्याच्या वाडवडिलांना नमस्कार, मग आपल्या अज्ञानाबद्दल माफी, आणि पान संपलं. बाई समासात हिरव्या शाईनं लिहायच्या: 'मुद्दा कुठे आहे?' पुढच्या निबंधावर पुन्हा तेच. पहिल्या खेपेला बाईंनी त्यांना नापास केलं, आणि घरी जाऊन त्या दिवशी जेवल्या नाहीत. दुसऱ्या खेपेला मुआ पुन्हा त्यांच्याच वर्गात, पहिल्या बाकावर.

"मिस, तुमच्याकडेच शिकायचंय," ते म्हणाले. "ज्यांनी नाही म्हटलं त्यांच्याच दारी परत जायचं असतं."

अलमोंटेचा वर्ग टायरच्या दुकानामागच्या भाड्याच्या खोलीत भरायचा. वसंतात बातमी आली की कॉलेजचं विश्वस्त मंडळ तो बंद करणार. कारण काय, तर विद्यार्थी थोडे, आणि मुख्य कॉलेज आहेच की, येईनात का तिकडे. मुख्य कॉलेज चाळीस मैलांवर. पीचची फळं पेट्यांत भरण्याच्या शेडमधून सहाला सुटणारी, गाडी नसलेली इत्सेल कॉर्नेहो तिथे सातला कशी पोचणार, हा प्रश्न मंडळातल्या कुणाला पडला नव्हता. मुआंचा तर हा एकच विषय राहिला होता. तो सुटला की इस्पितळात दुभाष्याची नोकरी, आणि वर्ग बंद झाला की जन्मभर कोंबड्या. बाईंचीही अलमोंटेवर माया होती. बाकीच्या दोन कॉलेजांत त्या शिकवायच्या; इथे त्यांची वाट पाहिली जायची.

मंडळाच्या सभेत कुणालाही बोलता येतं, पण माणशी दोनच मिनिटं. बाईंनी वर्गाला जुंपलं. प्रत्येकानं दोन मिनिटांचं भाषण बसवायचं. ट्रकवाला गुरसेवक धालीवाल पहिल्याच तालमीत दीड मिनिटात मोकळा झाला. इत्सेलनं तिसऱ्या तालमीत बाईंनाच रडवलं. मुआंची दोन मिनिटं मात्र दर वेळी नमस्कारातच संपायची.

शेवटच्या तालमीनंतर बाई डिकीपाशी त्यांना म्हणाल्या, "मिस्टर मुआ, तुम्ही नुसते येऊन बसलात तरी चालेल हं. तुमच्या असण्यानंही वजन पडतं."

हे ताकाला जाऊन भांडं लपवणं झालं, आणि बाई त्यात मुळीच तरबेज नव्हत्या.

"येईन," मुआ म्हणाले. "बोलेनही."

ते गेल्यावर इत्सेल म्हणाली, "मिस, आम्हाला सांगता सरळ बोला. आणि स्वतः?"

"तू जर्दाळू खा," बाई म्हणाल्या.

सभेच्या दिवशी जूनचं ऊन रणरणत होतं, आणि मुआ काळा कोट घालून, हातात काळी छत्री घेऊन आले. छत्रीला पट्ट्यापट्ट्यांचं रंगीत कापड गुंडाळलेलं.

"काका, छत्री?" गुरसेवक म्हणाला. "इथे पाऊस बघून जमाना झाला."

"पावसाला नाही आणली," मुआ म्हणाले.

वर्गातले तिघं आणि बाई, अशा बोलणाऱ्या चौघांच्या नावांच्या चिठ्ठ्या सेक्रेटरीकडे द्यायच्या होत्या. पोरांनी वडीलधारा मान म्हणून मुआंची सगळ्यात वर ठेवली. बाईंनी ते पाहिलं तेव्हा उशीर झाला होता. त्यांची स्वतःची चिठ्ठी सगळ्यात खाली होती, आणि पर्समध्ये तीन आठवडे घासूनपुसून लखलखीत केलेलं भाषण होतं. आयुष्यात इतकं चांगलं आपण काही लिहिलं नाही, असं त्यांना मनोमन वाटत होतं.

नाव पुकारलं. मुआ उठले, माइकपाशी गेले आणि म्हणाले, "ही छत्री कुठे टांगू?"

मंडळाचे अध्यक्ष लँगफोर्ड हे दातांचे डॉक्टर. लोकांना तोंड उघडायला लावायची त्यांना सवय, पण असा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. सेक्रेटरीनं दाराजवळच्या कोटाच्या खुंटीकडे बोट दाखवलं. मुआ सावकाश तिथवर गेले, छत्री टांगली, सावकाश परत आले. मग त्यांनी एकेका विश्वस्ताला मान लववून नमस्कार केला. दार उघडं ठेवलंत म्हणून आभार. बुटांची धूळ आत आणली म्हणून माफी. शब्द वाकडा गेला तर दोष माझा, ज्यांनी मला पाठवलं त्यांचा नाही. घंटा वाजली.

"वेळ संपली," लँगफोर्ड म्हणाले. "धन्यवाद."

मागे कुणीतरी हसलं. बाईंनी डोळे मिटले. पुढचं नाव गुरसेवकचं होतं. तो माइकपाशी गेला, त्यानं आपला कागद पाहिला, मग मुआंकडे पाहिलं.

"माझी दोन मिनिटं काकांना."

"असं चालतं का?" लँगफोर्डांनी सेक्रेटरीला विचारलं. तिनं नियम चाळले. नाही म्हणावं असं काही त्यात सापडलं नाही.

मुआ पुन्हा बोलू लागले. "मुलगी मागायला गेलं की मुलीकडचे विचारतात, एवढ्या लांबून कशाला आलात? मी सांगतो, आमच्या घरात चूल आहे, पण पेटवणारं कुणी नाही. अलमोंटेला टायरच्या दुकानामागे एक खोली आहे. तिथला एसी म्हाताऱ्यासारखा खोकतो. संध्याकाळी लोक येतात. कुणाच्या अंगाला पीचचा वास, कुणाच्या डिझेलचा. माझ्या कोंबड्यांचा. कुणी नाक मुरडत नाही. तिथे चूल पेटते."

घंटा. इत्सेल उठली. जिच्या भाषणानं बाई रडल्या होत्या ती इत्सेल. "माझीपण काकांना," म्हणाली आणि बसली.

"माझी बायको इस्पितळात होती," मुआ म्हणाले. "डॉक्टर चांगला माणूस, पण त्याचं बोलणं आम्हाला कळेना. दुभाष्या नव्हता. माझी नात नऊ वर्षांची, तिला इंग्रजी येतं. डॉक्टर म्हणाला, तू सांग आजीला. काय सांगायचं ते त्यानं तिला सांगितलं. पोर बोललीच नाही. आधी रडली. त्यावरून बायकोला कळलं की आपल्या किडन्या गेल्या." ते थांबले. थांबणं त्यांच्या वेळेतून जात होतं, पण कुणाला घड्याळाची आठवण नव्हती. "त्या दिवशी मी ठरवलं, हे काम लेकरांचं नाही. हे मी शिकणार."

घंटा जरा उशिरानेच वाजली. आता एकच चिठ्ठी उरली होती.

तेरझियानबाई उठल्या. पर्समधल्या कागदाला हात लागला. त्यातलं पहिलं वाक्य कसं, बंदुकीच्या गोळीसारखं होतं. ते वाक्य त्यांना फार आवडत होतं, आणि त्याचा मोह सोडताना खरोखर जिवावर आलं. पण ज्या माणसाचं बोलणं आपण दोन खेपा समासात अडवलं, त्याला सभागृह बसून ऐकतंय हे त्यांना दिसत होतं. "माझी दोन मिनिटं मिस्टर मुआंची," त्या म्हणाल्या. आणि कागद पर्समध्ये तसाच ठेवून बसल्या.

मुआ आता बाईंकडे वळले. "मिसनी मला एकदा नापास केलं. ते बरोबर होतं. माझ्या प्रत्येक कागदावर त्या लिहायच्या, मुद्दा कुठे आहे? आमच्यात मुद्दा शेवटी येतो. पाहुणा नीट बसल्याशिवाय ताट वाढत नाहीत. त्या म्हणतात, इथली माणसं किल्ली हातात घेऊन दारात उभी असतात, लवकर वाढा. दोन्ही खरं आहे. आता तुम्ही बसला आहात." ते मंडळाकडे वळले. "मुद्दा हा. खोली बंद करू नका."

आणि ते बसले. मिनिटभर शिल्लक होतं.

मत पडायला आणखी अर्धा तास गेला. पाच विरुद्ध दोन मतांनी वर्ग आणखी वर्षभर राहिला. लोक उठले तेव्हा लँगफोर्ड म्हणाले, "मिस्टर मुआ, तुमची छत्री विसरू नका."

"विसरलो नव्हतो," मुआ म्हणाले. "आमच्यात लग्नाची बोलणी पुरी झाल्याशिवाय ती खाली काढत नाहीत." आणि त्यांनी ती खुंटीवरून काढली.

बाहेर अजून उजेड होता. गाडीची डिकी उघडली गेली, डबा फिरला. गुरसेवक भलत्या खुशीत होता.

"मिस, तुमचं भाषण वाया गेलं," इत्सेल म्हणाली.

"गेलं तर गेलं."

"असं कसं? आमची सगळ्यांची वाचता. आता तुमचं वाचा. आणि नियम तुमचाच आहे, लोक मत सांगतील तेव्हा लिहिणाऱ्यानं गप्प बसायचं."

बाई नाही नाही म्हणत होत्या, पण कागद हातात आलाच होता. घडीच्या खुर्चीत बसून त्यांनी भाषण वाचलं. बरोबर दोन मिनिटांत. पहिलं वाक्य सणसणीत, शेवटचं त्याहून. पोरांनी टाळ्या वाजवल्या. गुरसेवक म्हणाला, एक नंबर. मग सगळ्यांनी मुआंकडे पाहिलं.

मुआंनी जर्दाळू सावकाश चावून संपवला. "मिस, भाषण फार सुंदर आहे," ते म्हणाले. "पण तुम्ही कुणाला नमस्कारच केला नाही."

बाई नियमाप्रमाणे गप्प बसल्या. मग डिकीतलं हिरवं पेन काढलं, कागद गुडघ्यावर ठेवला, आणि स्वतःच्या त्या लाडक्या पहिल्या वाक्याशेजारी, समासात, लिहिलं: 'नमस्कार कुठे आहे?'