साडूंचा दहा गावांचा संघ

आमच्या थोरल्या साडूंइतका आशावादी माणूस सातपुड्याच्या अलीकडे किंवा पलीकडे आजवर झालेला नाही, आणि झाला असलाच तर तो सौंसरच्या कॉलेजात क्रीडाधिकारी नव्हता, एवढं मी खात्रीने सांगतो. दुसऱ्या नोकरीत आशावाद खपून जातो. पण ज्या मैदानावर निम्मं वर्ष गवत आणि निम्मं वर्ष धूळ असते, ज्याच्या एका कोपऱ्यात गावातल्या म्हशी वडिलोपार्जित हक्काने रवंथ करत बसतात, त्या मैदानावर, निवृत्तीला चार वर्षं उरली असताना लॅक्रोसचा संघ उभा करायला घेणं म्हणजे काय, यावर माझ्या बायकोत आणि तिच्या थोरल्या बहिणीत कधी मतभेद झाला नाही. फक्त ताईंचे शब्द जरा जास्त कडक असत.

हा खेळ ज्यांनी पाहिला नसेल, म्हणजे आमच्या भागातल्या बहुतेक सगळ्यांनीच, त्यांच्यासाठी सांगतो. हातात लांब काठी, काठीच्या टोकाला जाळी. त्या जाळीत रबराचा भरीव चेंडू झेलायचा, पळता पळता तो सांभाळायचा, एकमेकांकडे फेकत पुढे न्यायचा आणि शेवटी गोलात मारायचा. एका बाजूला दहा गडी. क्रीडाधिकाऱ्यांच्या कुठल्याशा शिबिरात साडूंनी तो तासभर पाहिला. बाकीचे अधिकारी चहाला गेले, हे काठी धरून तिथेच उभे राहिले आणि येताना शिकवणाऱ्याच्या मागे लागून दोन जुन्या काठ्या मागून घेऊन आले. पांढुर्ण्याच्या स्टेशनावर मी त्यांना घ्यायला गेलो होतो. ताईंनी थंडीसाठी दिलेली शाल काठ्यांना गुंडाळलेली होती आणि साडू स्वतः कुडकुडत होते. फलाटावरच्या चहावाल्याने विचारलं, "सर, आंबे उतरवाचा झेला आणला का जी?"

"हाव," साडू म्हणाले, "पण याच्यात आंबे नाई, पोट्टे सापडतीन."

स्टेशनबाहेर आल्यावर मी त्यांना विचारलं की भाऊजी, क्रिकेट आहे, कबड्डी आहे, व्हॉलीबॉल आहे, हे आणखी कशाला. त्यांनी शाल नीट केली, काठ्यांची, आणि म्हणाले, "मास्तर, क्रिकेटले साठ पोट्टे येते. अकरा घेतो. एकोणपन्नास घरी जाते. तीस वर्षं झाले, मी पोट्टे घरी पाठवून राहिलो. हा खेळ कोणालेच येत नाई. म्हणजे कोणाले घरी पाठवाचं कामच नाई." या युक्तिवादात कुठेतरी खोट आहे असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं, पण ती मला अजून सापडलेली नाही.

कॉलेजच्या सूचनाफलकावर कारकुनाने खेळाचं नाव ऐकलं तसं लिहिलं: लोकरस. त्यामुळे पहिल्या दिवशी वीस-बावीस मुलं आली, त्यांतले दोघे ढोलकी घेऊन. लोकगीतांचं मंडळ निघतंय अशी त्यांची समजूत झाली होती. साडूंनी त्यांनाही ठेवून घेतलं, कारण घरी पाठवायचं नाही हे ठरलेलंच होतं. त्यांतला एक, सावरगावचा, पुढे आमचा गोलरक्षक झाला. ढोलकीवर बसलेला हात वेगवान असतो, असा साडूंचा सिद्धांत आहे, आणि तो त्यांनी जिल्ह्यातल्या दोन भजनी मंडळांत जाऊन तपासूनही पाहिला.

काठ्या दोन आणि मुलं बावीस. मग बांबू आले, तारेची कडी आली, मासे धरायच्या जाळीचे तुकडे आले. पहिली दोन वर्षं संघ या घरगुती झेल्यांवर खेळला, डोक्याला क्रिकेटच्या संघाने टाकून दिलेली हेल्मेटं. पळताना चेंडू जाळीतून पडू नये म्हणून काठी सतत हलकेच झुलवत ठेवावी लागते. हे मुलांना काही केल्या जमेना. तेव्हा साडूंनी एका सकाळी सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि म्हणाले, "घरी लहान भाऊ-बहीण कोणाले आहे? त्याले निजवता कसं? तसंच करा. लेकरू उठलं नाई पाहिजे." त्या दिवसापासून अर्धा संघ सुधारला. एकुलते एक असलेले मात्र शेवटपर्यंत जरा कच्चे राहिले.

मुलांची नावं साडूंच्या लक्षात राहत नसत, गावं राहत. मैदानावर ते गावांना हाका मारायचे. "बोरगाव, उजवीकडे." "तिगाव, झोपून राहिला का बे?" "पांढुर्णा, सावरगावले दे." बाहेरून येणाऱ्याला वाटावं की हा माणूस रेल्वेची घोषणा करतो आहे. यातली शेवटची हाक सगळ्यांत अवघड होती. पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामध्ये जाम नदी आहे आणि गोटमार आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही काठांनी एकमेकांवर दगड फेकायचे हा जुना रिवाज. दोघांच्याही काकांच्या कपाळावर त्याच्या खुणा होत्या. त्यामुळे पोळा जवळ आला की गोलातला सावरगाव आणि बचावातला पांढुर्णा एकमेकांकडे चेंडू देईनासे होत. साडूंनी व्याख्यान दिलं नाही. दोघांना मैदानाच्या दोन टोकांना उभं केलं आणि सांगितलं, शंभर वेळा फेकायचं, शंभर वेळा झेलायचं, खाली पडला की पुन्हा एकपासून. दोघं पहिल्या दिवशी एकतीसवर अडकले. आठवड्याने शंभर झाले तेव्हा सगळा संघ मोजत होता. साडू एवढंच म्हणाले, "फेकता दोघालेही येते. झेलणं शिकाचं होतं."

शिटी हा त्यांच्या गळ्यातला कायमचा दागिना. माझ्या मेव्हणीच्या, म्हणजे त्यांच्याही मेव्हणीच्या, लग्नात पंगतीला वाढपी रेंगाळले तेव्हा त्यांनी शिटी फुंकली. वाढपी धावत आले, पण नवरदेवही बोहल्यावरून उठून उभा राहिला. तो त्यांचा जुना विद्यार्थी निघाला. ताई त्यानंतर लग्नाला निघताना त्यांचा गळा तपासतात.

या सगळ्याकडे प्राचार्य लांबून पाहत होते. ते उत्तरेकडून बदलून आलेले, बोलणं हिंदीत, स्वभाव सरळ. तिसऱ्या वर्षी खऱ्या काठ्या मंजूर करताना त्यांनी साडूंना बोलावून सांगितलं, "इस साल एक मैच जीतकर दिखाइए, सर. नहीं तो अगले साल से मैदान व्हॉलीबॉल वालों का." साडूंनी मान डोलावली आणि बाहेर येऊन मला फोन केला, "मास्तर, व्यवस्थापक म्हणून चाल. पाणी वाहाले माणूस पाहिजे."

स्पर्धा नागपूरच्या पलीकडे होती आणि निघायला आठवडा असताना बोरगावचं येणं बंद झालं. संघातला सगळ्यांत चांगला गोल मारणारा तोच. आम्ही त्याच्या घरी गेलो. वडील वावरातच होते. कापूस फुटून पांढरं झालेलं वावर दाखवत ते शांतपणे म्हणाले, "सर, तुमचा खेळ चांगला असन. पण वेचाले बाया भेटून नाई राहिल्या. पोरगं गेलं तर हे कोण वेचन?" त्यांचं काही चुकत नव्हतं. मला वाटलं, आता साडू शिक्षणाचं, भविष्याचं काहीतरी बोलतील. त्यांनी फक्त विचारलं, "किती दिवसाचं काम आहे?"

"दहा हात असले तर दोन दिवसाचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता एकोणीस मुलं कमरेला ओटी बांधून त्या वावरात उभी होती. साडूंनी त्यांना सवयीने आक्रमण, मधली फळी आणि बचाव असं लावलं. जुन्या वेचणाऱ्या बायांतली एक आजी हे बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "सर, कापूस कुठं पयून नाई राहिला. हळू घ्या." मुलांच्या ओटीत कापसाइतकाच पालापाचोळा जमत होता. आजीने सगळ्यांना पुन्हा शिकवलं, आणि साडूंनी सगळ्यांत आधी शिकून घेतलं. दोन दिवसांचं काम अडीच दिवसांत झालं. संध्याकाळी बोरगावच्या वडिलांनी संत्र्यांची टोपली गाडीवर बांधून दिली आणि म्हणाले, "घेऊन जा त्याले. मीही येतो. पाहू तरी, काय आहे ते."

स्पर्धेतला पहिला सामना आम्ही असा हरलो की त्याचा आकडा इथे लिहिण्यासारखा नाही. दुसरा शेवटचा होता. तो मात्र संघ जिवावर उदार होऊन खेळला. शेवटच्या मिनिटाला सहा-सहा अशी बरोबरी होती. तेवढ्यात बोरगावने बाजूने घुसून चेंडू मारला, चेंडू गोलाच्या जाळीत दिसला, पंचाने हात वर केला. सात-सहा. मी पाण्याची कळशी टाकून दिली. पोरं एकमेकांच्या अंगावर पडली. बोरगावचे वडील कठड्यावर चढून टोपी हलवत होते. आणि आमचे साडू शांतपणे मैदानात चालत निघाले होते.

मला वाटलं, पंचाशी हात मिळवायला जाताहेत. ते पंचाला म्हणाले, "साहेब, बाजूची जाळी फाटली आहे. चेंडू बाहेरून आत गेला. हा गोल नाई."

पंचाने जाऊन जाळी पाहिली. गोल काढून घेतला. जादा वेळेत समोरच्यांनी एक मारला आणि आम्ही हरलो.

परतीच्या बसमध्ये पोरं काठ्या मांडीवर घेऊन बसली होती. संत्र्यांची टोपली तशीच होती. मीही रागावलो होतो, खोटं कशाला सांगू. तीन वर्षांचं काम या माणसाने एका वाक्यात मोडून टाकलं होतं, आणि ते वाक्य बोलायला त्याला कोणी सांगितलं नव्हतं. सौंसरच्या अलीकडे बोरगाव उठून साडूंच्या शेजारी येऊन बसला. "सर, पंचानं पाहिलं नव्हतं. काऊन सांगितलं?"

साडू खिडकीकडे जरा सरकले. मग म्हणाले, "सगळे नाचून राहिले होते. तू एकटा खाली पाहून राहिला होता."

बोरगावने पुन्हा खाली पाहिलं.

"तुले रोज तसं पाहा लागू नये, म्हणून," साडू म्हणाले. मागच्या सीटवर बोरगावचे वडील बसले होते. त्यांनी टोपलीतलं एक संत्रं सोललं आणि पुढे केलं.

दुसऱ्या दिवशी साडू स्वतःहून प्राचार्यांकडे गेले आणि म्हणाले, "एक भी नहीं जीता, सर." मैदान व्हॉलीबॉलला द्यायचं ठरलं. साडूंनी काठ्या पुसून, तेल लावून खोलीत उभ्या केल्या. त्या महिन्यात ते पहिल्यांदा आमच्या घरी शिटीशिवाय आले आणि ताईंनाच ते बघवेना.

मग प्राचार्यांना एक पत्र आलं. ज्यांनी आम्हाला हरवलं होतं त्या संघाच्या प्रशिक्षकांचं. त्यांनी लिहिलं होतं की आमच्या मुलांना तुमच्या मैदानावर येऊन खेळायचं आहे, आणि त्या सरांना भेटायचं आहे. पाहुणे येणार म्हटल्यावर प्राचार्य बदलले. मैदान सपाट झालं, फाटकाला रंग लागला, व्हॉलीबॉलचे खांब मुकाट्याने आपल्या जुन्या जागी गेले. त्या सामन्यात आम्ही दोन गोलांनी जिंकलो. साडूंनी शेवटची पाच मिनिटं पाहिलीच नाहीत. एक म्हैस बचावाच्या फळीत येऊन उभी राहिली होती आणि ते तिला समजावून बाहेर नेत होते. परत आले तेव्हा पोरांनी त्यांना उचललं. "अबे, सोडा, कंबर आहे ते," एवढंच त्यांचं विजयाचं भाषण.

ते निवृत्त झाले त्याला आता तीन वर्षं झाली. नवे क्रीडाधिकारी तरुण आहेत, हुशार आहेत, संघ चालू आहे. परवा मी सौंसरला गेलो तर साडू म्हणाले, चक्कर मारून येऊ. पाय आपोआप मैदानाकडे वळले. सगळी नवीन मुलं होती, एकही गाव ओळखीचं नव्हतं. आम्ही रेषेजवळ उभे राहिलो. साडू हात मागे बांधून पाहत होते आणि पुटपुटत होते, "झुलव, झुलव." तेवढ्यात एक मुलगा पळत आला, थांबला आणि अदबीने म्हणाला, "काका, रेषेच्या मागं व्हा जी. चेंडू लागन."

मी तोंड उघडणार होतो. साडूंनी माझ्या दंडाला हात लावला आणि चार पावलं मागे सरकले. मुलगा निघून गेला. थोडा वेळ आम्ही तिथून पाहिलं.

घराकडे चालताना ते म्हणाले, "पाहिलं का मास्तर? शिस्त चांगली ठेवली आहे. मलेही हटवलं." ते खरोखरच खूश होते. फक्त चाल जरा मंद होती, म्हणून मीही माझी मंद केली.