जळलेल्या बोर्डाचा खुलासा

"तुमच्यात हे चालत न्हाई ना मॅडम? मग तुमी जरा मागं थांबा." हेडमास्तर हसत म्हणाले. हसत म्हणाले, म्हणून कुणाला काही वाटलं नाही. मी मागं सरले. दाराजवळ, चपलांच्या ढिगाशेजारी.

खंडेनवमी होती. आमच्या कवठे महांकाळच्या बाजूला त्या दिवशी ट्रॅक्टरपासून खुरप्यापर्यंत सगळ्याची पूजा होते. शाळेत त्या वर्षी नवं हत्यार आलं होतं. रोबोटिक्सचं किट. लाल कापडावर मांडलेलं, भोवती विड्याची पानं, झेंडूची माळ. मधोमध आमचं यंत्र. आमचं म्हणजे माझं आणि सातवीच्या पोरांचं. मातीत खुपसायची दोन टोकं, मधे सर्किटचा बोर्ड, माती सुकली की छोटा पंप आपोआप चालू. महिनाभर राबलो होतो त्यावर.

मी तासिकेवरची बाई, शिकवलेल्या तासापुरते पैसे. किट आलं तेव्हा खोकं उघडायला कुणी तयार नव्हतं. बिघडलं तर कोण निस्तरणार? कपाटात कुलपातच पडलं असतं. मी मोबाइलवर बघून बघून शिकले आणि पोरांना शिकवलं. तेव्हा मी चालत होते. पूजेला चालत नव्हते. आम्ही बौद्ध, पूजा मला करायचीच नव्हती. पण आपण केलेल्या वस्तूपासून आपल्याला कुणी बाजूला काढणं, ते वेगळं.

संस्थेचे चेअरमन आले. जागा त्यांच्या वडिलांनी दिलेली, शाळा त्यांच्याच घरची म्हणा ना. फोटोत बोर्डावरचा लाइट लागलेला दिसला पाहिजे म्हणाले. हेडमास्तरांनी लगेच बॅटरी जोडली. मी मागूनच म्हणाले, "सर, आधी बॅटरी काढा. पाणी पडंल." क्लार्कनं वळून बघितलं आणि गप्प बसायची खूण केली. चेअरमनांनी हळदकुंकू वाहिलं. तांब्यात आंब्याचं पान बुडवून पाणी शिंपडलं. बोर्डावरच, चांगलं तीनदा. लाइट गेला. जळका वास आला. तो उदबत्तीचा नव्हता, हे पोरांनासुद्धा कळलं. कारण बोर्डाजवळ पाणी न्यायचं नाही, हा आमच्या वर्गातला पहिला धडा. पण नारळ फुटला, टाळ्या झाल्या, पेढे वाटले. मलाही मिळाला. खाल्ला मी. काय करणार?

दसऱ्याची सुट्टी संपली आणि तालुक्याचे शिक्षण खात्याचे साहेब किट बघायला येणार असं कळलं. हेडमास्तरांनी मला बोलावलं. टाइप केलेला कागद पुढं सरकवला. माझ्या हलगर्जीपणामुळे बोर्ड निकामी झाला, आणि खाली माझं नाव. चेअरमनांचं नाव कसं घालायचं, तुम्हीच सांगा, म्हणाले. एवढी सही करा, नवा बोर्ड मागवू, विषय संपला. अगदी गोड बोलत होते.

हातसुद्धा लावू दिला नव्हता, आणि माझ्याच हातानं जळलं म्हणे. चोर सोडून संन्याशाला फाशी. मला राग यायला पाहिजे होता. आला नाही. नुसता कंटाळा आला. लय जुना कंटाळा. माझे वडील गावच्या पाणीपुरवठ्याच्या मोटरीवर होते. एकदा दुसऱ्यानंच चालू ठेवून जाळलेल्या मोटरीच्या कागदाखाली त्यांनी सही दिली. मिटून जाईल म्हणून दिली. मिटलं नाही. मरेपर्यंत लोक त्यांना मोटरजाळ्या म्हणत होते, आणि ते हसून ओ देत होते. हे सगळं मला माहीत होतं. तरी मी हेडमास्तरांना म्हणाले, दुपारी करते सही. आणि करणारच होते. खोटं कशाला सांगू.

वर्गावर गेले. पुढच्या बाकावरची एक मुलगी उठली. वायर सगळ्यात सफाईनं सोलणारी तीच.

"मॅडम, तुमच्या हातनं जळलं व्हय? सर म्हनले."

ही पोरगी पूजेला होती. पहिल्या रांगेत होती. डोळ्यांनी बघितलं होतं तिनं, तरी विचारत होती. सर म्हणाले म्हणून. मी सही केली असती तर त्या दिवसापासून ती आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवणार नव्हती.

"तू काय बघितलंस?" मी विचारलं.

ती म्हणाली, "बोर्डावर पाणी पडलं."

"मग तेच झालंय."

तास संपवून मी ऑफिसात गेले. कोरा कागद घेतला. लिहिलं: पूजेच्या वेळी बॅटरी जोडलेली होती. चेअरमनसाहेबांनी पाणी शिंपडलं. मी बॅटरी काढायला सांगितलं, कुणी ऐकलं नाही. मी मागं होते, कारण बौद्ध म्हणून मला मागं उभं केलं होतं. खाली सही. दोन प्रती. एक क्लार्कपुढं ठेवली, दुसरीवर आवक नंबर आणि शिक्का मागितला. तो म्हणाला, सरांना विचारून देतो. म्हटलं, विचारा. मी बसते. शाळा सुटली. शिपायानं खोल्या लावल्या. मी बसलेच होते. शेवटी शिक्का पडला.

हेडमास्तर बाहेर येऊन म्हणाले, "मॅडम, पुढच्या सत्रात तुमच्या तासिका राहतील असं वाटत न्हाई मला."

राहिल्या नाहीत. किट कपाटात गेलं. साहेबांना काय दाखवलं, मला ठाऊक नाही. मी आता दुसऱ्या गावातल्या शाळेत शिकवते. पुन्हा तासिकेवरच, पुन्हा नवं खोकं, आणि कुणीतरी पुन्हा हसतच म्हणणार आहे काहीतरी. दमले आहे मी. दमलेल्या माणसाची सही लवकर मिळते, हे त्यांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. मला उशिरा कळलं. आता कितीही दमले तरी ती मिळणार नाही. जे माझ्या हातून झालं, त्याखाली मी सही करीन. जे त्यांच्या हातून झालं, ते त्यांच्या नावासकट लिहीन आणि शिक्का पडेपर्यंत उठणार नाही.