दिवसाला एक पोतं

गुणवंत मिस्त्रीला रुपये समजत नव्हते असं कोणी म्हणू नये. चांगला सातवी पास गडी. पण कशाचीही किंमत सांगा, आधी मनातल्या मनात तिचं धान करणार आणि मगच महाग की स्वस्त ते ठरवणार. जुनी सायकल घेतली ती तीन पोत्यांची. बायकोला लुगडं घेतलं ते अर्ध्या पोत्याचं. मूल गावच्या बाजारात दुकानदार हसायचे. हसोत बापडे! ज्याच्या मायनं जन्मभर दुसऱ्याच्या बांधीत रोवणी-कापणी केली आणि मजुरी म्हणून पदरात पायलीनं धान घेतलं, त्याला दुसरं माप सुचणार कुठून? मालक पायली भरायचा, वर शीग चढायची, आणि मग हात फिरवून तीच शीग आपल्या ढिगात परत पाडायचा. लहानगा गुणवंत मायच्या बाजूला उभा राहून त्या हाताकडे बघत राहायचा. तेव्हापासून एकच खूळ डोक्यात बसलं. एक बांधी आपली पाहिजे. बांध घातलेला, पाणी धरणारा, एवढासा का होईना, धानाचा आपला तुकडा. त्यातल्या पायलीवर कोणाचा हात फिरायला नको.

मिस्त्रीकाम मात्र त्याचं फार चोख. त्यानं ओळंबा सोडला की भिंत मुकाट्यानं सरळ उभी राहायची. चंद्रपूरला वीजकेंद्राचं बांधकाम जोरात होतं, तिथं तो गिलाव्याला जायचा. पंच्याऐंशी साली तिथल्याच एका तेलुगू मुकादमानं विचारलं, मस्कतला येतोस का? रोजचे तीन रियाल.

त्या संध्याकाळी विहाराच्या ओट्यावर अख्खा मोहल्ला जमला. रियालचे रुपये झाले, आणि गुणवंतनं लगोलग रुपयांचं धान केलं.

शेजारचा इतवारी म्हातारा उठून उभाच राहिला. "इथी आठवडाभर मरमर करशीन तवा एक पोतं धान येते. अन् तिथी रोजचं पोतं? बापा बापा!"

"रोजचं," गुणवंत म्हणाला.

वच्छला, म्हणजे त्याची बायको, दारात उभी होती. ती म्हणाली, "अन् खानं कितीले पडते जी तिथी?"

सगळा ओटा खो खो हसला. बाईमाणूस ते, तिला काय कळतं! पण मी सांगतो, त्या साऱ्या घोळक्यात अक्कल असलेलं तेवढं एकच माणूस होतं आणि त्यालाच सगळ्यांनी वेड्यात काढलं.

तिकिटापायी सायकल गेली, वच्छलाच्या चांदीच्या पाटल्या गेल्या, वर कर्ज झालं, आणि गुणवंत मस्कतला गेला.

मजुरी ठरल्याप्रमाणे मिळाली, त्यात खोटं नाही. पहिला पगार हातात आला तेव्हा त्याला नोटा दिसल्याच नाहीत. घराच्या भिंतीशी लागलेली पोत्यांची थप्पी दिसली. पण संध्याकाळी सगळे हॉटेलात जेवायला गेले आणि गड्यानं तिथले भाव धानात मोजले. भात-मटणाची एक थाळी म्हणजे चार पायल्या! चहाचा एक कप म्हणजे अर्धी पायली! कोणी अर्धी पायली धान एका घोटात पितं का? त्यानं चहा सोडला. मग थाळी सोडली. खुबूस नावाची तिथली जाड रोटी आणि कांदा, यावर तो राहू लागला. कमवायचं तिथल्या भावानं आणि खायचं मूलच्या भावानं, असं त्याचं चाललं होतं. असं कुठं असतं का हो? पण समजावणार कोण!

खोलीत बिहारचा बिरजू होता. तो चिडवायचा, "गुणवंत भाई, तुम पैसा नहीं, धान कमाने आये हो."

"मंग?" गुणवंत म्हणायचा. "बांधी घ्याची हाय मले."

दुसऱ्या उन्हाळ्यात छताचा गिलावा करताना ओल्या सिमेंटचा गोळा सुटला आणि थेट उजव्या डोळ्यात पडला. आग आग झाली. बिरजूनं घागरभर पाणी ओतून डोळा धुतला. सकाळी तो सुजून बंद झाला होता. कंपनीच्या कारकुनानं सांगितलं, बाहेरचा डॉक्टर चांगला आहे, औषधासकट बारा रियाल घेईल, ते तुझे तू द्यायचे.

बारा रियाल. चार दिवसांची मजुरी. तिथल्या मिस्त्रीनं हिशेब केला असता तर चार दिवसच झाले असते आणि तो सकाळीच डॉक्टरकडे गेला असता. पण गुणवंतच्या डोक्यात पायली बसलेली.

"चार पोते होतात न रे," तो बिरजूला म्हणाला.

"अरे भाई, आँख है, चप्पल नहीं है!"

"घरी गेल्यावर दाखवतो. आमच्याकडे डॉक्टर दहा रुपये घेते. दोन-अडीच पायल्यांत होते काम."

आणि तो खोबरेल तेलाचे थेंब घालत राहिला. सूज उतरली. डोळ्यावर दुधासारखा पडदा आला. तो एका डोळ्यानं गिलावा करत राहिला आणि आणखी सात-आठ महिने काढून घरी आला.

चंद्रपूरच्या डॉक्टरनं खरंच दहा रुपये घेतले. बॅटरी मारून पाहिलं आणि विचारलं, "लागलं तेव्हाच काऊन नाई दाखवलं? आता नाई होत."

वच्छला रडली. गुणवंत तिला एवढंच म्हणाला, "तिकडं डॉक्टर लय महाग होते वो." किती महाग, ते त्यानं सांगितलं नाही. तिनंही पुन्हा विचारलं नाही.

मग बांधी घ्यायला निघाला. देवाजी पाटलाची तळ्याखालची एक एकराची बांधी जाण्याआधीच त्यानं हेरून ठेवली होती. पाटील पान चघळत म्हणाला, "तुले काय कमी हाय गा आता? दिवसाचं पोतं कमावून राह्यलास तू. तुले तोच भाव कसा लावू मी?" दोन वर्षांत भाव दुप्पट झाला होता, आणि तो त्याच्या एकट्यासाठी झाला होता! ओट्यावर मोठ्या तोंडानं सांगितलेला हिशेब त्याच्याही आधी पाटलाच्या घरी पोचला होता. कर्ज आणि दोन वर्षांचा घरखर्च वजा जाता उरलेल्या पैशांत एक एकराच्या जागी अर्धाच एकर हाती आला. गुणवंतनं भांडण केलं नाही. त्याच्यात भांडायचं बळच उरलं नव्हतं.

मस्कतला नुसता गिलावा होता, इथं थापी धरून भिंत उभी करायची होती. ओळंब्याची दोरी भिंतीपासून किती लांब आहे तेच एका डोळ्याला उमगत नव्हतं. एक भिंत वाकडी गेली, मग दुसरी. मालकांनी बोलावणं सोडलं. ज्याच्या हाताखाली चार मजूर असायचे तो आता गारा कालवून घमेली उचलू लागला. पूर्वी आठवड्यात कमवायचा ते एक पोतं आता पंधरा दिवसांत व्हायचं. घरी येऊन जेवायचा आणि बांधीवर जाऊन बसायचा.

बांधी तेवढी हसली. तळ्याचं पाणी मिळालं, रोवणी वेळेवर झाली, वच्छलानं जीव ओतून निंदण केलं. मळणी झाली त्या दिवशी खळ्यावर दोघंच होती. वच्छलानं शेजारून पायली मागून आणली होती. गुणवंत भरत होता. दर पायलीवर तो शीग चढवायचा, क्षणभर थांबायचा आणि शिगेसकट पोत्यात रिकामी करायचा. कोणाचा हात आला नाही. तिसरं पोतं शिवलं, चौथं तोंडाशी आलं आणि खळं संपलं.

वच्छलानं पदरानं कपाळ पुसलं. कित्येक महिन्यांनी तिच्या चेहऱ्यावर हसू होतं. "चार भरले न जी! आपले सोताचे चार पोते!"

गुणवंत रिकामी पायली हातात धरून तसाच बसला होता. त्यानं एकेक पोतं नीट पाहिलं, मान पार उजवीकडे वळवून, कारण त्या बाजूचं त्याला दिसत नसे.

"वच्छला, एवढेच मागत होता तो."

"कोन?"

"मस्कतचा डॉक्टर."

तिनं पोत्यांकडे पाहिलं. मग त्याच्या पांढऱ्या डोळ्याकडे.

"एवढेच?" ती म्हणाली.

त्यानं मान हलवली. वच्छला तिथंच, खळ्याच्या मातीत बसली. त्या दिवशी धान घरात न्यायचं राहूनच गेलं.