ठरवून ठेवलेली चूक

उचगावच्या बाई खोटं बोलत नव्हत्या. हे वाक्य आधी लिहून टाकतो. गेले आठ दिवस मी लिहायला बसतो, उठतो, खिडकीशी जातो, पंख्याचं बटण दाबतो, परत बंद करतो, आणि प्रस्तावनेतच अडकतो.

सत्तर सालानंतरची दोन-चार वर्षं होती ती. मी कोल्हापुरात प्राथमिक शिक्षकांच्या प्रशिक्षणाच्या कामावर होतो. पहिलीच्या मुलांना वाचायला शिकवायची नवी पद्धत समजून घ्यायला मला पुण्याला पंधरा दिवसांच्या वर्गाला पाठवलं. मुळाक्षरं घोकून घ्यायची नाहीत. आधी चित्र, चित्राखाली मुलाच्या घरातलं वाक्य, मग वाक्यातले शब्द, मग शब्दातली अक्षरं. मुलांवर प्रयोग करून बसवलेली पद्धत होती आणि आजही मी तिला वाईट म्हणणार नाही. मात्र तिच्या पुस्तिकेच्या शेवटच्या चार पानांत एक अट होती. दर महिन्याला मुलापुढं कधीच न शिकवलेला मजकूर ठेवायचा. तो वाचता आला तरच पुढं जायचं, नाहीतर मागं येऊन अक्षरं पक्की करायची.

शिक्षकांच्या शिबिरासाठी पुस्तिकेच्या सायक्लोस्टाईल प्रती काढून घेताना मी ती चार पानं वगळली. कुणी विचारलं तर स्टेन्सिल संपले असं सांगणार होतो. कुणी विचारलं नाही. खरं कारण वेगळं होतं. दर महिन्याला असं मागं यायचं म्हटलं तर वर्षअखेरीला दाखवायला काही उरलं नसतं, आणि मला दाखवायचं होतं. माझ्या वरची जागा रिकामी होणार होती.

शिबिर शहरातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये भरलं. सतरंजीवर साठ-सत्तर शिक्षक. तिसऱ्या दिवशी माझा आदर्श पाठ. आदर्श पाठ म्हणजे प्रशिक्षकानं खरीखुरी मुलं समोर बसवून शिकवून दाखवायचं. त्याची आधी तालीम होत असे. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणालाच त्यात गैर वाटत नसे. तालीम न करता मुलं पाठवणारा वर्गशिक्षक उलट हलगर्जी ठरे. मी चार दिवस तालीम घेतली. तिथल्याच पहिलीच्या वर्गातली अकरा मुलं निवडली. कोण कुठं बसणार, कोण हात वर करणार, सगळं ठरवलं. आणि एक चूकसुद्धा ठरवली. मुलं एकदाही चुकली नाहीत तर पाठ खोटा वाटतो, म्हणून एका मुलीला सांगून ठेवलं होतं, पाठाच्या ‘ताईने दिवा लावला’ या तिसऱ्या ओळीत तू ‘दिवा’च्या जागी ‘पणती’ म्हण आणि थांब. मग मी म्हणणार, ‘चित्र नको बघू, अक्षर बघ.’ मग तिनं ‘दिवा’ म्हणायचं.

ती मुलगी चुणचुणीत होती. समोरचा दात पडलेला, वडील पेठेत गाद्या भरायचं काम करत. तिनं चूक अशी झोकात केली की सुधारल्यावर हॉलमध्ये टाळ्या पडल्या.

टाळ्या थांबल्यावर मागच्या रांगेतून उचगावच्या शाळेतल्या बाई उठल्या. पस्तिशीच्या असाव्यात. तीन दिवस त्या मांडीवर शंभर पानी वही ठेवून गप्प बसून होत्या.

“साहेब, मी फळ्यावर दोन शब्द लिहू? तिनं वाचायचे.”

“अवो बाई, जेवणाची वेळ झाली,” एक गुरुजी मागून ओरडले, “आता कसली परीक्षा घेतासा?”

हशा पिकला. मला नाही म्हणता आलं असतं. पण टाळ्या कानात होत्या. मी खडू पुढं केला.

बाईंनी लिहिलं: ‘बाई हसली’. सगळी अक्षरं त्या पाठातलीच. मुलगी उठली, हात मागं बांधले आणि खणखणीत आवाजात म्हणाली, “आई घरी आली!”

“परत बघ, बाळ. सावकाश.”

मुलीनं परत बघितलं. फळ्याकडं नाही, माझ्याकडं. आणि एका दमात सुरू झाली, “आई घरी आली. बाळ हसले. ताईने पणती...”

तिथं ती थांबली. मी चूक सुधारीन याची वाट बघत थांबली.

सगळ्यांना सगळं कळलं होतं. त्या क्षणी मी खरं बोलू शकलो असतो. ती चार पानं माझ्या टेबलाच्या खणातच होती. मी हसलो.

“बाई, घाबरवलंत की पोरीला! नवी पद्धत पाडायचीच असेल तर आम्हाला विचारा, लेकराला कशाला? तुमच्या वर्गात अजून घोकंपट्टी चालते, आम्हाला माहीत नाही होय?”

त्यांच्या वर्गात मी कधी पाऊलही टाकलं नव्हतं.

“उचगावकर, ऐकलासा न्हवं?” तेच गुरुजी म्हणाले आणि हॉल सुटल्यासारखा हसला. हसायला सगळ्यांनाच बरं वाटलं असणार; आदर्श पाठाची तालीम त्यांनीही आयुष्यभर घेतली होती.

बाई म्हणाल्या, “पोरगी घाबरली न्हाय, साहेब. तिला वाचाय येत न्हाय. एवढंच म्हणतीया मी.” मग ती वही माझ्या टेबलावर ठेवली. “ही अहवालाला जोडा.”

मी जोडली नाही. अहवालात लिहिलं, पाठ यशस्वी. बाईंच्या गोपनीय शेऱ्यात लिहिलं: ‘नवीन पद्धतीस सहकार्य नाही. बालकांना गोंधळात टाकतात.’ जूनमध्ये त्यांची बदली लांब गगनबावड्याच्या बाजूला झाली. घर, संसार उचगावात. मला वरची जागा मिळाली आणि चार पानं गाळलेली ती पद्धत तालुक्यातालुक्यांत गेली. पुढं शाळा तपासायला गेलो की तिसरी-चौथीतली मुलं पानावरून बोट फिरवत धडा घडाघडा म्हणत. बोट एका ओळीवर, तोंड दुसऱ्या. मी पान उलटायला सांगत नसे. शेरेबुकात ‘वाचन समाधानकारक’ लिहून चहा पीत असे.

वही घरी आणली ती ट्रंकेत गेली. निवृत्तीनंतर किती तरी वर्षांनी, कागद फाडून टाकायला म्हणून ट्रंक उघडली तेव्हा ती पहिल्यांदा वाचली. दर शनिवारी प्रत्येक मुलापुढं नवा मजकूर ठेवून बाईंनी नोंद केली होती. ‘घ आणि ध एकच वाटतात. वाळूत गिरवून घेणे.’ ‘घरी कन्नड बोलतात. शब्द वाचतो, अर्थ कळत नाही. आधी गप्पा, मग पाटी.’ ‘आज स्वतः दुकानाची पाटी वाचली.’ जी चार पानं मी गाळली त्यांत सांगितलेलं सगळं बाई ती न वाचताच करत होत्या.

चौकशी करत पत्ता मिळाला. बाई मुलाकडं जयसिंगपूरला होत्या. एसटीनं गेलो. डोळ्यांनी अधू झाल्या होत्या, खुर्ची दाराशी. मी कोण ते सांगितलं.

“व्हय व्हय, साहेब. बसा की.” मग आत हाक, “अगं, पावणं आल्यात, चहा टाक.”

मी वही हातात दिली. त्यांनी पुठ्ठा चाचपला, कोपरे चाचपले. “जोडलासा न्हाय न्हवं?”

“नाही.”

मी शेऱ्याचं सांगितलं, चार पानांचं सांगितलं. चूक झाली म्हणालो. त्या चहा बशीत ओतत होत्या.

“सोमवारी पहाटं जायची मी, शनिवारी यायची. सात वर्सं. माझी धाकटी तुमच्याच पद्धतीनं शिकली. चौथीपतोर नुसती पाठ म्हणत हुती. रविवारी मी शिकवायची, तवर सोमवार यायचा.” मग म्हणाल्या, “तवा हॉलात किती माणसं हुती?”

“साठ-सत्तर.”

“मग मला एकटीला काय सांगतासा? मला म्हाईतच हाय की. तेवढ्यांस्नी सांगा.”

“त्यातले बरेच आता नाहीत, बाई.”

“त्यांची पोरं असतील. वाचाय येत असंल तर वाचतील.” आणि वही माझ्याकडं सरकवली. “ही ठेवा. लिवताना लागंल.”

म्हणून हे लिहिलं. वही समोर उघडी आहे. मी पुन्हा पुन्हा पानं उलटतो, जणू एखादं पान चिकटून राहिलं असेल. बाईंच्या एकूण एक मुलाचं त्यात काय झालं ते सापडतं. दात पडलेल्या त्या मुलीला पुढं वाचता आलं की नाही, ते मला कधीच कळलं नाही. तिचं पान यात नाही. ती माझ्या पाठातली होती.