वरचा गॅस

माझ्या विषयाचं नाव लांबलचक आहे: आंतरतारकीय वायू आणि ताऱ्यांची निर्मिती. पीएच.डी.ला प्रवेश मिळाला तेव्हा आईने विचारलं, "लोकांना काय सांगू?" मी बॅग भरत होते, यादीतलं निम्मं सामान अजून पलंगावर पडलेलं होतं. मी म्हटलं, "सांग, गॅसवर संशोधन करते." ते खोटं नव्हतं आणि लक्षात ठेवायला सोपं होतं. पुढे याच वाक्याच्या भरवशावर आईने अख्ख्या इमारतीला एक शब्द दिला. तो मला पाळता आला नाही.

आमचं घर अंबरनाथ पूर्वेला, कारखान्यांच्या पट्ट्याला लागून आहे. आई अजून तिथेच राहते. स्वयंपाकघरातला सिलेंडर सोडला, तर तिथे गॅस या शब्दाला एकच अर्थ आहे. संध्याकाळी जिन्यातून कुणीतरी ओरडतं, "गॅस सोडला!" की सगळ्या मजल्यांवर खिडक्या धडाधड बंद होतात. डोळे चुरचुरतात, घसा धरतो. कुणी सोडला हे कधीच ठरत नाही. या कंपनीला विचारावं तर ती शेजारच्या कंपनीकडे बोट दाखवते, आणि गेटच्या आत कुणी जाऊ देत नाही. लहानपणी मीही त्या खिडक्या लावल्या आहेत. तरी आईला ते वाक्य देताना हा गॅस माझ्या मनातही आला नाही. वृषभ राशीच्या दिशेला धूळ आणि वायूचा एक थंडगार ढग आहे. तेव्हा माझ्या डोक्यात तेवढाच होता.

पुढची सगळी वर्षं मी तशाच ढगांवर काढली. त्यांच्या पोटात तारे तयार होतात, पण बाहेरून बघावं तर नुसता काळोख. आतली थंडी इतकी, की बरेचसे वायू धुळीच्या कणांवर गोठून बसतात. अमोनिया मात्र बराच काळ टिकतो आणि रेडिओलहरींतून स्वतःची खूण पाठवत राहतो. ती खूण वाचली की ढगाचं तापमान कळतं, आणि त्यावरून तो आकसून तारा होईल का, याचा अंदाज बांधता येतो. रेडिओ दुर्बिणीला दिवसाउजेडीही काम करता येतं. त्यामुळे पुण्यातली माझी नोकरी, लोकांना वाटतं तशी रात्रपाळीची नाही. वेळेवर जायचं, निरीक्षणांचं वेळापत्रक लावायचं, विद्यार्थ्यांच्या चुका काढायच्या, घरी यायचं. मला असं काम आवडतं.

सुट्टीत अंबरनाथला गेले की आई चौकशी करायची.

"तुला त्या गॅसपाशी जाऊ देतात का?"

"जावंच लागत नाही गं. लांबूनच कळतं, कुठला आहे, किती आहे, किती गार आहे."

"आणि त्यांना कळतं का, तू बघतेयस ते?"

"कुणाला?"

मी हसले होते. आई हसली नाही. "बरंय मग," म्हणाली आणि भाकरी उलटली. मला वाटलं, ती गंमत करतेय.

मागच्या हिवाळ्यात तिचा फोन आला. "रविवारी सकाळी विहारात मीटिंग आहे. तू ये. मी सगळ्यांना शब्द दिलाय."

"कशावर बोलू?"

"तुझ्या गॅसवर. अजून कशावर बोलणार तू?"

खरं सांगते, मला आनंद झाला. परदेशात, परिषदांत किती वेळा बोलले असेन, पण ज्या हॉलमध्ये मी पाचवीची बक्षिसं घेतली तिथे मला कधी कुणी बोलावलं नव्हतं. मी मराठीत स्लाइड्स केल्या. ढगांची चित्रं मोठी घेतली, आकडे काढून टाकले. प्रोजेक्टर, त्याची वायर, जास्तीची वायर, पडद्यासाठी पांढरी चादर, सगळं गाडीत टाकलं आणि पुण्याहून कर्जत, नेरळ, बदलापूर करत वेळेच्या आधी पोचले.

विहार भरलेलं होतं. आई पहिल्या रांगेत, कडक इस्त्रीची पांढरी साडी नेसून. जयभीम झाले. आमच्या सोसायटीचे अध्यक्ष, ज्यांना सगळे भाऊ म्हणतात, त्यांनी माईक घेतला.

"कंपनीवाले काय बोलतात? आमचा गॅस नाय. बाजूवाला काय बोलतो? आमचा पण नाय. आत घुसायला देत नाय. आता आपल्या मावशींची मुलगी आली आहे. मॅडमकडे मशीन आहे. गेटच्या बाहेरून, लांबून सांगतात कुठला गॅस आणि कुणाचा! मावशी गेली कित्येक वर्षं बोलते, माझी पोरगी येऊन दाखवून देईल. आज आली."

टाळ्या वाजल्या. माझ्या हातात वायर होती, ती तशीच राहिली. आईला मी सांगितलेला शब्द न् शब्द बरोबर लक्षात होता. लांबून कळतं, जवळ जावं लागत नाही. त्यांना पत्ता लागत नाही, हे तिने माझ्या हसण्यावरून धरलं होतं. तिने ते फक्त आमच्या मागच्या गल्लीला लावलं होतं. त्या गल्लीत राहणारं कुणीही हेच करील.

मी माईक घेतला आणि जे होतं ते सांगितलं. माझी दुर्बीण आकाशातल्या ढगांसाठी आहे. इथल्या हवेसाठी वेगळी यंत्रं आणि वेगळी माणसं लागतात. त्यातलं मला काही येत नाही.

मग मागून एकाने विचारलं, "मॅडम, तुमच्या त्या ढगात कुठला गॅस असतो?"

"बरेच असतात. मी अमोनिया बघते."

"अमोनिया तर इथे पण येतो! तुमचा किती लांब आहे?"

"जवळचा म्हटला तरी, तिथून निघालेल्या लहरींना इथे यायला चारशेहून जास्त वर्षं लागतात."

"मग त्याची कंप्लेंट नको करायला, भाऊ. लिस्टमधून कट करा."

सगळे हसले. मीही हसले. आई समोरच्या फरशीकडे बघत होती. शेजारच्या काकू तिच्या कानात काहीतरी बोलल्या. आईने मान हलवली, पण वर पाहिलं नाही. भाऊंनी माझे आभार मानले आणि कंपन्यांविरुद्धच्या तक्रारीच्या अर्जावर सह्या घ्यायला सुरुवात केली. चादर मी उघडलीच नाही.

घरी येताना आई एकदाच बोलली. "म्हणजे इथला गॅस तू कधी बघितलाच नाहीस?"

"नाही."

"मग तू जे बघतेस, ते कुणाला लागतं?"

"त्यातून तारे होतात, आई."

"होऊ देत," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता.

जेवणाआधी मी हवेच्या रसायनशास्त्रातल्या दोघांना फोन केले. दोघेही चांगले लोक आहेत. दोघांनीही विचारलं, अधिकृत विनंती कुणाकडून येणार? ते योग्यच होतं, मीही तेच विचारलं असतं. यातल्या एकाच्या गटात एम.एस्सी.नंतर मला जागा मिळत होती. मी ती नाकारली, कारण लहानपणभर धूर खाल्ल्यावर मला शुद्ध काहीतरी हवं होतं. खगोलशास्त्र निवडल्याचं दुःख नाही, असं इथे लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. तेव्हा नव्हतं. आता आहे, थोडं, आणि ते जात नाही. मी जे शिकले ते खरं आहे आणि मोलाचंही आहे. पण त्याच वर्षांत माझी आई खिडकी लावून आत बसायची आणि तिला वाटायचं, आपली मुलगी यावरच कामाला लागली आहे. तिच्या त्या धीराला माझ्याकडून कधीच काही मिळणार नव्हतं. आणि ते तिला माहीत नव्हतं.

जेवण झाल्यावर तिने चपला घातल्या.

"कुठे निघालीस?"

"वरपासून खालपर्यंत जाऊन येते. प्रत्येक दाराशी सांगितलं होतं, आता प्रत्येक दाराशी सांगायला पाहिजे."

"थांब, मीही येते. वाक्य माझं होतं."

"बोलले मी होते. तू येऊ नकोस. तू आलीस की लोक बरं वाटावं म्हणून बोलतात."

मी दार उघडं ठेवून उभी राहिले. वरच्या मजल्यावर बेल वाजली, मग आईचा आवाज आला. "सांगायला आले, माझ्या मुलीचा गॅस वेगळा आहे. वरचा. मी चुकीचं सांगत होते."

"असू दे हो मावशी, आत या, चहा टाकते."

"नको, अजून बरीच घरं राहिलीत," आई म्हणाली, आणि पुढची बेल वाजली.