एफ-वन आणि माझं जेवण

माझ्या साखरपुड्यात अंगठी बोटाच्या मधल्या पेरापर्यंत आली आणि मांडीवरच्या पर्समध्ये फोन वाजला. मी घेतला. न घेऊन सांगते कुणाला? चाकणला आमच्या कंपनीच्या गेटवर माल भरलेली गाडी उभी होती आणि चलन निघत नव्हतं. डावा हात नवऱ्या मुलाच्या हातात तसाच ठेवून मी उजव्या हातानं फोन कानाला लावला आणि म्हणाले, "आधी सेव्ह करा, मग प्रिंट." अंगठी पुढं सरकवावी की मागं घ्यावी, हे त्या बिचाऱ्याला कळेना. भटजींनी मंत्र थांबवला. फोटोवाल्यानं मात्र नेमका तोच फोटो काढला, तो अजून आमच्या अल्बममध्ये आहे.

त्या दुपारी फोन आणखी दोनदा वाजला. एकदा औक्षणाच्या वेळी आणि एकदा मी सासूबाईंच्या पाया पडायला वाकले तेव्हा. सासूबाई चऱ्होलीच्या, शेतकरी घरातल्या. शेतावर आता टोलेजंग इमारती उभ्या आहेत, पण बाईंचा आवाज अजून बांधावरून हाक मारण्याच्या मापाचा. त्यांनी माझ्या आईला बाजूला घेतलं, म्हणजे त्यांच्या हिशेबानं बाजूला, आणि विचारलं, "पोरीचं लगीन कंपनीशी लागलंय का आमच्या पोराशी, तेवढं सांगा." मग माझ्याकडं वळून एकच अट घातली. हुंडा नको, मानपान नको, काही नको. लग्नात फोन वाजला न्हाई पायजे.

आता ही अट पाळायची कशी, हा माझ्यापुढचा प्रश्न होता.

आमची कंपनी गाड्यांच्या दारांच्या बिजागऱ्या करते. कंपनी लहान, पण माल रोज जातो, आणि माल आला-गेला, किती उरला, चलन, सगळं एका डेटाबेसच्या सॉफ्टवेअरमध्ये. ते कधीकाळी एका गृहस्थानं आमच्यासाठी बनवून दिलं. तो आता परदेशात असतो आणि फोन उचलत नाही. शहाणा माणूस. त्याच्यामागं ते सॉफ्टवेअर नीट समजणारी कंपनीत मी एकटी उरले, तेही कुणी शिकवलं म्हणून नव्हे, तर माझं टेबल सर्व्हरच्या शेजारी होतं म्हणून.

कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये अडलं की एफ-वन दाबायचं आणि मदत यायची, असा जगाचा रिवाज. आमच्याकडं एफ-वन दाबलं की 'मदतीची फाइल सापडली नाही' अशी पाटी यायची आणि तिच्यावर ओके दाबलं की सगळंच गोठायचं. बरं, एफ-वन बसलंय एस्केपच्या शेजारी. लोक एस्केप दाबायला जायचे, बोट घसरायचं, अर्धवट भरलेलं चलन स्वर्गवासी. शेवटी आमच्या स्टोअरच्या काकांनी एक दिवस स्क्रूड्रायव्हर घेऊन कंपनीतल्या सगळ्या कीबोर्डांवरची एफ-वनची बटनं उपटून काढली, किडका दात काढावा तशी. ती सगळी त्यांनी सुपारीच्या रिकाम्या डबीत ठेवली. त्यातलं एक कुणीतरी पळवलं आणि साहेबांच्या टेबलावरच्या चहाच्या बेलवर चिकटवलं. ती दाबली की चहा यायचा. आमच्या कंपनीतलं तेवढं एकच एफ-वन काम करत होतं.

बाकीची मदत म्हणजे मी. स्टोअरला अडलं, मी. डिस्पॅचला अडलं, मी. आणि माणसांना अडायचं ते बरोबर माझा डबा उघडल्यावर. मी घास तोंडाजवळ नेला की शेजारी कुणीतरी कागद घेऊन उभा. "मॅडम, दोनच मिनिटं." निगडीच्या घरी आई पहाटे उठून भाकरी करून द्यायची, ती दुपारी कौलासारखी व्हायची. मला त्या लोकांचा राग यायचा नाही, राग यायचा तो एका गोष्टीचा. एवढी माणसं रोज येऊन उभी राहायची, पण जेवलीस का, असं कुणी एकदाही विचारलं नाही.

तर मी साहेबांकडं लग्नाची रजा मागायला गेले. साहेब म्हणजे आमचे मालक, मनानं चांगले. "कर ना लग्न," ते म्हणाले, "आनंदानं कर. फक्त फोन चालू ठेव." मी सासूबाईंची अट सांगितली. त्यांना हसू आवरेना. मग मला वाटेला लावायचं म्हणून ते म्हणाले, की ज्या दिवशी एफ-वन दाबल्यावर उत्तर येईल, त्या दिवसापासून तुझा फोन खुशाल बंद. हे कधी होणारच नाही अशी त्यांची खात्री होती. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी "बघाच" म्हणाले आणि बाहेर आले.

मदतीची फाइल खरोखर नाहीच, की असून सापडत नाही, हे आधी बघायचं होतं. सर्व्हरवर 'जुनं, उडवू नये' नावाच्या फोल्डरमध्ये ती निघाली. एक नाही, दोन. पहिली इतकी जुनी, की तसल्या फाइली विंडोज आता उघडतच नाही, तसं तोंडावर सांगतं. दुसरी उघडली. डावीकडं विषयांची छान यादी आणि उजवीकडं पांढरं फटक. कुठल्याही विषयावर क्लिक करा, पान येईना. मी नेटवर शोधाशोध केली तेव्हा कळलं, की असली फाइल दुसऱ्या मशीनवरून, नेटवर्कमधून उघडली की विंडोज तिच्यावर भरवसा ठेवत नाही. बाहेरून आलेलीला थेट घरात घेत नाही. म्हणजे हुबेहूब माझ्या होणाऱ्या सासूबाई. उपाय साधा होता. फाइल आपल्याच मशीनवर कॉपी करायची, राइट क्लिक, प्रॉपर्टीज, आणि खाली कोपऱ्यात 'अनब्लॉक' लिहिलेलं असतं तिथं टिक करायची.

टिक केली, उघडली, आणि पान आलं. मी जागच्या जागी टाळी वाजवली. त्या पानावर लिहिलं होतं, 'माहिती लवकरच'. दुसरा विषय उघडला, 'माहिती लवकरच'. सगळे विषय बघितले. त्या परदेशातल्या गृहस्थानं नुसती मथळ्यांची रांग लावून ठेवली होती आणि आम्ही इतकी वर्षं त्या फाइलच्या नावानं हळहळत होतो. त्या माणसाला मी मनातल्या मनात जे म्हणाले, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

मग मीच लिहायला बसले. मदतीच्या फाइली बनवायचं एक फुकटातलं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं आणि रोज थोडं थोडं, मराठीत, जसं फोनवर बोलते तसंच लिहीत गेले. 'चलन निघत नाही' या विषयाखाली लिहिलं, 'प्रिंटरमध्ये कागद आहे का बघा. बघितला म्हणू नका, उठून बघा.' 'पार्ट नंबर सापडत नाही' याखाली, 'शून्याच्या जागी इंग्रजी ओ टाकलाय. नाही टाकला असं वाटत असेल तर नक्कीच टाकलाय.' 'चुकून डिलीट झालं' याखाली, 'माऊसवरचा हात काढा. खुर्चीतून उठा. चुकून झालं हे आम्ही मान्य करतो.' मग चेव आला आणि एक जादा विषय घातला, 'साहेब ओरडत आहेत'. त्याखाली लिहिलं, 'हा सॉफ्टवेअरचा दोष नाही. टेबलावरची बेल दाबून त्यांच्यासाठी चहा मागवा.'

सगळ्यात शेवटचा विषय होता 'तरीही अडलं तर'. तिथं मी लिहिलं, 'मला विचारा. पण आधी जेवलीस का, हे विचारा. जेवले नसेन तर पुढचं काहीही विचारू नका.'

काकांनी डबीतून बटनं काढून एकेक परत बसवलं. एक कमी पडलं, ते साहेबांच्या बेलवर होतं. त्यामुळं डिस्पॅचच्या कीबोर्डला खिंडार तसंच राहिलं. मी फाइल जुन्याच नावानं सगळ्या मशीनवर टाकली आणि साहेबांना बोलावलं. त्यांनी एफ-वन दाबलं, दोन-तीन पानं गंभीरपणे वाचली आणि नेमके स्वतःच्या विषयावर येऊन थबकले. मी खिडकीबाहेर बघत राहिले. साहेब केबिनमध्ये गेले, बेल दाबली आणि दोन चहा मागवले. रजा मंजूर झाली, फोन बंद ठेवण्याच्या परवानगीसकट.

लग्न आळंदी रस्त्यावरच्या कार्यालयात झालं. माझा फोन सकाळीच बंद करून आईच्या ट्रंकेत, साड्यांच्या खाली. कंपनीची माणसं बसनं आली होती. अक्षता पडल्या, फोटोंसाठी रांग लागली, आणि स्टोअरचे काका स्टेजवर आले. आहेर दिला, फोटोसाठी उभे राहिले आणि माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाले, "पोरी, जेवलीस का?"

मी म्हणाले, "कुठलं, काका. उपाशीच आहे सकाळपासून."

काकांचा चेहरा पडला. ते मान हलवत खाली उतरले. पाठोपाठ अकाउंट्सच्या बाई आल्या, त्यांनीही तेच विचारलं आणि तशाच परत गेल्या. मग साहेब स्वतः आले, हातात गुच्छ, आणि विचारतात काय, तर जेवलीस का. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चाकणला काहीतरी अडलं होतं. गेटवर गाडी उभी असणार. माझा फोन लागत नाही म्हणून डिस्पॅचचा सुपरवायझर या सगळ्यांना फोन करत होता, आणि ही सगळी मंडळी नियम पाळत होती. मला इतकं हसू आलं, की मुंडावळ्या हलायला लागल्या.

सासूबाई शेजारीच उभ्या होत्या. त्यांचे डोळे भरून आले. माझ्या आईला म्हणाल्या, किती जीव लावणारी माणसं हायती कंपनीतली, मी उगाच काहीबाही बोलले. आणि पोरगी उपाशी हाय म्हणून त्यांनी तातडीनं आमचं पान मांडायला लावलं.

मी बसले. पहिला घास घेतला आणि मान वर करून बघते तर पंगतीच्या टोकाला काका, अकाउंट्सच्या बाई आणि साहेब ओळीनं उभे. माझा घास गिळून होण्याची वाट बघत होते. सासूबाई वाढायला वाकल्या होत्या, त्यांनी एकदा त्यांच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मग सरळ काकांना विचारलं, काय भानगड हाय. काका साधे, त्यांनी सगळं सांगून टाकलं. गाडी, चलन, एफ-वन, आणि त्या फाइलमधला शेवटचा नियम.

आता आभाळ कोसळणार म्हणून मी पानात बघत बसले. अट मोडलीच होती, फोन न वाजता. सासूबाईंनी हातातल्या ताटातून दोन जिलब्या उचलून माझ्या पानात टाकल्या आणि साहेबांकडं वळून, बांधावरच्या आवाजात म्हणाल्या, "न्हाई झालं अजून तिचं जेवण."

साहेब मागं सरकले. त्या तिथंच पाट घेऊन बसल्या आणि मला वाढत राहिल्या. पान रिकामं व्हायला आलं, की जिलबी. नवरा म्हणाला, आई, पुरे, तर त्यालाही एक दिली. तिकडं काका नाइलाजानं फोनवर सुपरवायझरला सांगत होते, की बटन नसलं तरी खालचं रबर आहे ना, ते पेनानं दाब, राव, आणि काय लिहिलंय ते वाच. थोड्या वेळानं काकांनी फोन खिशात ठेवला. प्रिंटरमध्ये कागद नव्हता. तो म्हणे सुपरवायझरनं उठून बघितलाच नव्हता.

मला त्या दुपारी सासूबाई फार आवडल्या. पोट मात्र फुटायची वेळ आली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी चऱ्होलीच्या स्वयंपाकघरात मी चहा करायला उभी राहिले. फळीवर एकसारखे डबे, कशात काय ते ठाऊक नाही. घरभर सगळे सासूबाईंनाच हाका मारत होते. सासऱ्यांना टॉवेल सापडत नव्हता, दिराला गाडीची किल्ली, पाहुण्यांना गरम पाणी. त्या सगळ्यांना उत्तरं देत होत्या. मीही विचारलं, "आई, साखर कुठल्या डब्यात आहे?"

मला मात्र उत्तर मिळालं नाही. त्या नुसत्या माझ्याकडं बघत राहिल्या, कमरेवर हात ठेवून. आधी वाटलं, चुकलं काहीतरी. मग कळलं.

मी म्हणाले, "आई, तुम्ही काही खाल्लंत का सकाळपासून?"

"न्हाई," त्या म्हणाल्या. "आन् हे आजवर कुनी इचारलं बी न्हाई. बस. आदी दोघी खाऊ, मग दावते साखर."